नुसते हात जोडू नको

बसम्मा : सविताचं लगीन झालं त्याच सालात हाय आपण अजून, रंजू. वैशाखात लगीन झालं, आता कार्तिक चाललाय. तुझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात मपल्या भावानं गुलाबी फेटा बांधून फोटू काढला, आन् सहा म्हयन्यांत तू त्याचं तोंड वळखायचं इसरलीस?

शिवरंजनी : आजी, हळू बोल ना. सगळी बस ऐकतीय.

बसम्मा : ऐकू दे. बोरीचीच बस हाय. यातल्या निम्म्या लोकांना माझ्या आधी ठाव होतं. मलाच तेवढं ठाव नव्हतं.

शिवरंजनी : मी काल संध्याकाळपासून सॉरी म्हणतेय तुला.

बसम्मा : म्हणलीस. फोनकडं बघत म्हणलीस. मला वाटलं, फोनातल्याच कुणाला म्हणायलीस.

शिवरंजनी : ठेवला बघ फोन. पर्समध्ये ठेवला. झालं?

बसम्मा : काल बाजारात रंगनाथ बांगडीवाल्यापुढं बसले होते मी. सविता येणार म्हणून तिच्या मापाच्या बांगड्या निवडायले होते. रंगनाथ म्हणला, बसम्माकाकू, भावाच्या मातीला दिसला न्हाईत तुमी. मी म्हणलं, कुणाच्या भावाच्या? हसत म्हणलं गं मी. मला वाटलं, माणूस चुकला. तो बांगड्या पुसता पुसता थांबला. त्याच्या तोंडाकडं बघून मला कळलं. सोमवारी गेला मपला भाऊ. गुरुवारी मला बांगडीवाल्याकडून कळलं. बोरीपासून पेडगाव किती लांब हाय? चालत निघाले असते तरी पोचले असते मी.

शिवरंजनी : आजी, सोमवारी आपल्याकडं रेंज नव्हती बहुतेक. लाईट पण गेली होती. मेसेज उशिरा आला असेल.

बसम्मा : रेंज नव्हती?

शिवरंजनी : म्हणजे… असं होतं ना कधी कधी.

बसम्मा : रंगनाथ म्हणला, घरचे सांगत होते, बोरीला निरोप गेलाय आन् तिकडून हातबी जोडून आलेत. रेंज नव्हती तर हात कुणी जोडले? मी तर त्या वक्ताला शेंगा निवडायले होते. मपले हात मातीनं भरले होते.

शिवरंजनी : …मी जोडले.

बसम्मा : काय बघून जोडलेस?

शिवरंजनी : काहीच नाही बघितलं गं. आप्पाआजोबा रोज सकाळी फोटो पाठवायचे. तोच लग्नातला, फेट्यातला. भोवती झेंडूच्या फुलांचं गोल. वर लिहिलेलं, शुभ रविवार, शुभ सोमवार. सोमवारी पण त्यांच्याच नंबरवरून आला. फोटो तोच, फुलं तीच. मला वाटलं, रोजचाच आहे. मी दात घासत होते. अंगठ्यानं हात जोडले आणि पुढे गेले.

बसम्मा : पुढं म्हणजे कुठं?

शिवरंजनी : पुढच्या मेसेजला.

बसम्मा : त्यात काय होतं?

शिवरंजनी : आता काय आठवणार?

बसम्मा : न्हाई, सांग की. मपल्या भावाच्या मयतीपुढं एवढं काय मोठं होतं, ते तरी कळू दे मला.

शिवरंजनी : आजी, दिवसाला दोनशे-तीनशे मेसेज येतात. कॉलेजचा ग्रुप, क्लासचा ग्रुप, मैत्रिणींचे तीन, नातेवाइकांचे दोन. एकेक वाचत बसले तर अभ्यास कधी करू? सगळेच असं करतात. बाबांनी पण घरचा ग्रुप बंद करून ठेवलाय, आवाजच येत नाही त्याचा. त्यांनी तरी कुठं बघितलं?

बसम्मा : महारुद्र ट्रकवर हाय. त्याच्या हातात गाडी असती. तुझ्या हातात काय होतं? दात घासायचा ब्रश.

शिवरंजनी : एका हातात.

बसम्मा : आन् बापाचंबी काढायलीस म्हणून सांगते. तो बिचारा कुठंतरी ढाब्यावर थांबून तुला बोलून पाठवतो. ते तू ऐकतीस कसं? पळवून. आवाज चिमणीगत करून. बाप काय म्हणायलाय त्याच्यापरीस तो लवकर संपावा, ह्याची तुला घाई.

शिवरंजनी : बाबा एकच गोष्ट तीन वेळा सांगतात, आजी.

बसम्मा : तीन येळा सांगतो, कारण एका येळेला तू ऐकत न्हाईस हे त्याला ठाव हाय. झरी आलं का बघ खिडकीतून.

शिवरंजनी : आलं. मी सांगू का, आपण परभणीतून एक मोठा हार घेऊ. आणि मी आत्ताच आप्पाआजोबांच्या नातवाला, शंभूदादाला नीट लांब मेसेज लिहिते, सगळं समजावून. म्हणजे आपण पोचेपर्यंत त्याचा राग कमी होईल.

बसम्मा : आन् त्यानं बी न वाचता हात जोडले तर? एक सांग मला. तू मगाशी काय म्हणलीस? रोज पाठवायचा?

शिवरंजनी : कोण?

बसम्मा : चन्नप्पा. रोज फोटू पाठवायचा म्हणलीस.

शिवरंजनी : हो. सकाळी साडेपाचला. घड्याळ लावल्यासारखा.

बसम्मा : मला दोन-चार दाखवलेस, निस्ता फोटू मोठा करून. आषाढात कवातरी. मग बंद झालं. मी इचारत होते, आप्पाचं काय आलं का गं? तू म्हणायचीस, बरे आहेत.

शिवरंजनी : बरेच होते ना तेव्हा. आणि तोच फोटो तुला रोज काय दाखवायचा?

बसम्मा : मला वाटलं, मपल्या भावाला मपली याद येईना. त्याला कानानं ऐकू येत न्हाई, फोनवर बोललं तर निस्तं हां हां करतो. मपला बटणांचा ठोकळा फोन पावसाळ्यापासून बंद. म्हणलं, दिवाळी झाली की कापूस घरात घेऊन एकदा जाऊन भांडून यावं. आण तो फोन इकडं.

शिवरंजनी : मी वाचून दाखवते.

बसम्मा : तू न्हाई. तू वाचत न्हाईस, तू पळतीस. मला दे आन् चष्मा दे.

शिवरंजनी : बस हलतीय आजी, तुला त्रास होईल.

बसम्मा : चाळिशीत पाटी घेतली मी हातात. रात्रवर्गाची बाई 'क' गिरवून द्यायची, आन् तो 'क' मी आठ दिवस चुलीपुढच्या राखंत गिरवला. महारुद्र हसायचा मला. बसच्या हलण्याचं नको सांगू. हा बघ, सोमवारचा हाच ना?

शिवरंजनी : हो. हाच.

बसम्मा : ह्याच्यावर येळ लिहिलीय बारीक. सात… सव्वासात. रोजचा साडेपाचला येतो म्हणलीस. ह्यो सव्वासातला आलाय. तेवढं तरी.

शिवरंजनी : वेळ कोण बघतं गं.

बसम्मा : खाली लिहिलंय काहीतरी. भा… व… पू… हे मी वाचणार न्हाई. कोण गेलं ते मी फोनात वाचणार न्हाई, ते माणसानं सांगायचं असतंय. पण ह्याच्या खाली, निळ्या अक्षरात हाय ते काय? आ, ण, खी. आणखी… वाचा.

शिवरंजनी : मेसेज लांब असला की बाकीचा झाकलेला असतो. त्याच्यावर बोट लावलं की उघडतो.

बसम्मा : लावलंतंस तू?

शिवरंजनी : नाही.

बसम्मा : काल कळल्यावर बी?

शिवरंजनी : भीती वाटली.

बसम्मा : मग लाव आता.

शिवरंजनी : आजी…

बसम्मा : लाव. हां. आता मला वाचू दे, मधी बोलू नको. बो… री… च्या… आत्याआजी… येई… पर्यंत… माती… थांब… वली… आहे. त्यांच्या… हातची… वि… भू… ती… लावा… यची… आहे. लव… कर… निघा. थांबले होते गं ते माझ्यासाठी.

शिवरंजनी : आजी, रडू नकोस ना. माझ्याकडं बघ. आजी.

बसम्मा : मी कुठं रडायले? मला अजून कुणी सांगितलंच न्हाई, तर रडू कशी? आमच्या घरात भावाला शेवटची विभूती बहिणीनं लावायची. मपल्या बापाला मपल्या आत्यानं लावली होती. चन्नप्पा मला म्हणायचा, बसम्मा, तू आधी गेलीस तर मपलं कपाळ कोण बघणार? मी म्हणायचे, गप बस, तुला लावल्याबिगर मी जात न्हाई.

शिवरंजनी : मला खरंच माहीत नव्हतं.

बसम्मा : तुला ठाव असायला तू कवा बसलीस माझ्यापाशी? हे वर सरकव. आधीचे बघू दे.

शिवरंजनी : आधीचे सगळे फोटोच आहेत. शुभ सकाळचे.

बसम्मा : सरकव म्हणते ना. हां, थांब. ह्या फोटूखाली काय लिहिलंय? बस… म्मा. रंजू, हे मपलं नाव हाय.

शिवरंजनी : कुठं?

बसम्मा : हे काय. बसम्मा, आज… बाजा… रात… हिरवी… चिंच… आली. तुझ्या… सारखी… आंबट.

शिवरंजनी : मी कधी खाली बघितलंच नाही. मला वाटलं, नुसता फोटो…

बसम्मा : त्याच्या आधीचा. बसम्मा, गुडघा… दुख… तो. तुझा… कसा आहे. खाली काय हाय तुझं? हात. हा तर लय आधीचा. बसम्मा, शंभू… म्हणतो… मोठी… अक्षरं… दाबायला… शिकलो… मी. तू… वाचतेस… म्हणून… लिहितो. खाली तुझे हात.

शिवरंजनी : आजी, बास ना आता. घरी गेल्यावर वाच सगळे.

बसम्मा : आता परत खाली घे. हा नागपंचमीचा दिसतोय. बसम्मा, नुसते… हात… जोडू… नको. मी… काय… देव… आहे… का? काही… तरी… लिही. त्याच्या खालीबी हातच जोडलेस गं बाई तू.

शिवरंजनी : मला मार एक. खरंच मार, आजी. पण असं बोलू नकोस.

बसम्मा : मारून काय होतंय? सहा म्हयने मपला भाऊ रोज सकाळी माझ्याशी बोलायला येत होता, आन् तू त्याला दारातूनच रामराम करून लावून देत होतीस. माझ्या नावानं. त्यानं काय समजलं असंल? बहीण म्हातारपणी लय देवभोळी झाली, निस्ते हातच जोडती. का समजला असंल, बहिणीला बोलायचं न्हाई?

शिवरंजनी : त्यांनी एकदा विचारलं होतं मला. आजीला दाखवतेस ना? मी 'हो' लिहिलं.

बसम्मा : कवा?

शिवरंजनी : भाद्रपदात असेल. महालक्ष्म्यांच्या वेळी.

बसम्मा : ते कसं वाचलंस?

शिवरंजनी : त्यात माझं नाव होतं.

बसम्मा : हं.

शिवरंजनी : एक सांगू? तिथं गेल्यावर तू सांगू नकोस ना, मी वाचलं नाही म्हणून. आपण म्हणू, फोन बिघडला होता. नाहीतर म्हणू, तू आजारी होतीस. शंभूदादा फार चिडलाय. त्यानं सोमवारी रात्री स्टेटसला टाकलं होतं, रक्ताची माणसं कधी परकी होतात ते कळत नाही म्हणून. मला वाटलं, कुठलातरी सुविचार आहे. त्यालाही मी…

बसम्मा : हात जोडलेस?

शिवरंजनी : अंगठा दाखवला.

बसम्मा : देवा!

शिवरंजनी : म्हणून म्हणते, सांगू नकोस.

बसम्मा : मी एक शब्द बोलणार न्हाई. मपलं माहेर हाय ते, तुटलं तर माझं तुटंल. बोलायचं का न्हाई ते तू बघ. ऐक, मपला बाप गेला तवा काय झालं ते सांगते, मग गप बसते. मी बोरीला नवीन नवरी. दुपारी दिनकर म्हणून गडी पेडगावहून सायकलवर आला. घामानं निथळायला होता. सासू म्हणली, पाणी घे. त्यानं घेतलं न्हाई. आत ये म्हणलं, आला न्हाई. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला, टोपी काढली, माझ्याकडं बघितलं आन् पुरतं सांगितलं. कोण गेलं, कवा गेलं. मग मी रडले. मग तो पाणी प्याला. त्या माणसाचं तोंड मला अजून याद हाय. सांगताना त्याची मानबी थरथरत होती. ते सांगणं काय सोपं असतंय? त्याला दुसऱ्याचं रडणं बघावं लागलं. तुम्हाला ते बघायला नको, म्हणून हे अंगठे आन् हात.

शिवरंजनी : परभणी आली, आजी. उतरू. पेडगावचा ऑटो बघते.

(पेडगाव. चन्नप्पांच्या घराचा उंबरा. बसम्मा आणि शिवरंजनी बाहेर उभ्या आहेत. आतून चन्नप्पांचा नातू शंभुराज येतो.)

शंभुराज : या आत्याआजी. झाली म्हणायची सवड.

बसम्मा : झाली, शंभू.

शंभुराज : आत या की. का उंबऱ्याबाहेरच माघारी जायचं हाय?

बसम्मा : आत येत न्हाई मी अजून.

शंभुराज : अजून? पाचवा दिवस हाय आज. काय केलतं आप्पांनी तुमचं? सांगा तरी. सविताच्या लग्नात मान कमी पडला का कुणाचा? त्यांनी तर रोज सकाळी उठल्या उठल्या तुमाला लिहिल्याबिगर चहा घेतला न्हाई. त्या मोठ्या अक्षरांच्या फोनवर एकेक अक्षर दाबायला अर्धा तास लावायचे. मी म्हणायचो, आप्पा, बोलून पाठवा, फट्‍दिशी होतंय. म्हणायचे, न्हाई, तिनं चाळिशीत शिकलंय, तिला वाचायला आवडतंय. आन् तुमी सोमवारी नुसते हात जोडून मोकळ्या. दुपारी बाराला आंघोळ घालून आपल्या रीतीनं मातीसाठी बसवलं आप्पांना. स्वामी आले, बेल आला, खड्डा तयार झाला. मी म्हणलं, थांबा, बोरीहून हात जोडून आलेत, म्हणजे कळलंय, म्हणजे निघाल्यात. ऑटोचा आवाज आला की मपली आई दारात यायची. दोन वाजले, तीन वाजले. साडेपाच वाजले. अंधार पडायच्या आत माती द्यायची म्हणून स्वामी दोनदा उठले. तवर कपाळ कोरं ठेवलं होतं आप्पांचं. कोऱ्या कपाळानं बसले होते ते तुमची वाट बघत. लोक इचारायले, बहीण कुठं हाय? मी काय सांगायचं लोकांना?

शिवरंजनी : शंभूदादा…

शंभुराज : तू मधी बोलू नकोस, रंजू. मोठ्यांचं चाललंय. तुझा अंगठा बी बघितला मी.

शिवरंजनी : ते हात आजीचे नव्हते. माझे होते.

शंभुराज : कुणाचे का असंनात. घरात कळलं होतं ना?

शिवरंजनी : नाही कळलं. मी सांगितलंच नाही तिला. मी वाचलंच नव्हतं. मला वाटलं, रोजचाच फोटो आहे, शुभ सोमवार. आजीला काल बाजारात कळलं, रंगनाथ बांगडीवाल्याकडून.

शंभुराज : वाचलंच न्हाई म्हणजे? फोटोखाली एवढं ठळक लिहिलतं.

शिवरंजनी : फोटो बघितला. खाली नाही बघितलं.

शंभुराज : चार दिवस?

शिवरंजनी : चार दिवस. आणि त्याच्या आधीचे सहा महिने पण. त्यांनी आजीला जे जे लिहिलं ते तिला मी दाखवलंच नाही. आज बसमध्ये वाचलं तिनं. बसमध्ये मी म्हणत होते, फोन बिघडला होता असं सांगू. आजी म्हणाली, तुझं तू बघ.

शंभुराज : अगं, दीडशे लोकांनी वाचला तो मेसेज! दीडशे लोकांनी उत्तर दिलं. तुलाच तेवढं वाचता आलं न्हाई? कॉलेजात काय शिकवतात तुला?

शिवरंजनी : दीडशे लोकांनी काय उत्तर दिलं?

शंभुराज : काय म्हणजे? हात जोडले. फुलं पाठवली.

शिवरंजनी : आणि मातीला किती आले?

शंभुराज : …चाळीसेक असतील.

शिवरंजनी : माझी चूक कमी होत नाही त्यानं, माहितीय मला. पण तू फोटो तोच का लावलास रे? रोजचाच? आणि त्यांच्याच फोनवरून?

शंभुराज : सगळ्यांचे नंबर त्यातच होते. आन् फोटो तयारच होता आत. फुलांसकट. नवीन कुठं करत बसू त्या वक्ताला? शुभ सोमवार पुसलं आन् खाली लिहिलं. निरोप लवकर गेला पायजे म्हणून घाईत केलं.

बसम्मा : कुणाला घाई होती रं, शंभू? चन्नप्पाला तर न्हवती. दोघं बी हुशार हाव तुमी. एकानं न बघता पाठवलं, एकीनं न बघता हात जोडले. मधी मपला भाऊ बसला कोऱ्या कपाळानं. दुपारी बारापासून साडेपाचपर्यंत तुझ्या हातात फोन होता ना?

शंभुराज : होता. लोकांना उत्तरं द्यायलो होतो. धन्यवाद, धन्यवाद लिहून अंगठा दुखला.

बसम्मा : त्यात एकदा रंजूला फोन लावला असतास. आजी निघाली का, एवढंच इचारायला.

शंभुराज : दोन टिका निळ्या दिसल्या. हात दिसले. मला वाटलं, झालं काम. खरं सांगू आत्याआजी, तीन वाजता आई म्हणली होती, लाव एकदा फोन. मी म्हणलं, बघितलंय त्यांनी, यायचं असंल तर येतील. राग आल्ता मला. त्या रागात न्हाई लावला.

बसम्मा : आन् स्टेटस टाकायला राग आडवा आला न्हाई?

शंभुराज : न्हाई.

बसम्मा : कपाळाला लावली का न्हाई शेवटी कुणी?

शंभुराज : मी लावली. स्वामी म्हणले, बहीण न्हाई आली तर नातू लावू दे. तीन बोटं बुडवली. मधलं बोट घसरलं आन् रेघ भुवईवर आली. पुसून नीट करावी म्हणलं तर स्वामी म्हणले, राहू दे. तशीच गेली, वाकडी.

बसम्मा : कुठल्या भुवईवर?

शंभुराज : डाव्या.

बसम्मा : लहानपणी शाळंत जाताना मीच लावायचे त्याला. एका जागी उभा राहत न्हवता. त्याच्या डाव्या भुवईवर रोज सांडलेली असायची. मास्तर इचारायचा, कुणी लावली रे? म्हणायचा, बसम्मानं. बरं झालं, नीट केली न्हाईस ते.

शंभुराज : आत या आता, आत्याआजी. चुकलं मपलं. आई पाणी घेऊन उभी हाय कवाची.

बसम्मा : तिला म्हणावं, थांब. पाणी मग. मला अजून कुणी सांगितलंय का?

शंभुराज : काय सांगायचंय?

बसम्मा : बांगडीवाल्यानं इचारलं, सांगितलं न्हाई. फोनानं लिहिलं. तू मला रागं भरलास. घरच्या माणसानं तोंडानं अजून सांगितलं न्हाई मला. तसंच आत येऊन रडू का मी?

शंभुराज : सांगतो मी. आत्याआजी, आपले आप्पा…

बसम्मा : तू न्हाई, शंभू. तुझा निरोप तू लावून दिलास. तो हिच्यापाशी येऊन थांबला. रंजू, तुझ्यापाशी आल्ता सांगावा. चार दिवस ठेवून घेतलास तू. आता दे मला.

शिवरंजनी : आजी, तुला माहितीय की गं आता सगळं.

बसम्मा : ठाव हाय मला. तरी सांग.

शिवरंजनी : आप्पाआजोबा गेले.

बसम्मा : कुठं गेले? बाजाराला? पुरतं सांग. कोण, कवा. आन् इकडं ये, माझ्यापुढं उभी राहा. ते हातातलं खाली ठेव.

शिवरंजनी : मी रडेन, आजी.

बसम्मा : दिनकरची बी मान थरथरली होती. सांग.

शिवरंजनी : ठेवला फोन. आजी, तुझा भाऊ… तुझा धाकटा भाऊ, पेडगावचे चन्नप्पा, कार्तिकातल्या दुसऱ्या सोमवारी, पहाटे पाच वाजता वारले.